दहाची गोळी

पांढरी, गोल, चपटी, आणि मधोमध एक रेघ. त्या रेघेवर दोन्ही अंगठे ठेवून दाबलं की बरोबर अर्धी होते, सुरी लागत नाही. तिचं खरं नाव बॅक्लोफेन. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात तिला सगळे ‘दहाची’ म्हणतात, कारण ती दहा मिलिग्रॅमची आहे. “दहाची झाली का?” एवढं विचारलं की कुणाची, कधीची, कशासाठी हे सांगावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यालाही सांगावं लागत नाही. वहिनी पायरीवर दिसली की त्याचा हात आपोआप वरच्या खणाकडे जातो.

दादा बांधकामावर सुपरवायझर होता. आसऱ्यापासून सैफुलपर्यंत इकडे सतत कुठे ना कुठे इमारत उठत असते, तशाच एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला. मणका मोडला आणि आतला मज्जारज्जू दबला. डॉक्टरांच्या भाषेत ‘डी-फाइव्ह’, म्हणजे छातीच्या बरगड्यांमागचा पाचवा मणका. हात शाबूत, छातीखाली काही कळत नाही. ऑपरेशन झालं, पट्ट्या-सळ्या बसल्या, आणि दादा घरी आला.

पहिले काही आठवडे पाय नुसते पडून असायचे. उचलले की उचलले जायचे, सोडले की धपकन गादीवर. मज्जारज्जूला मोठा मार बसला की त्याखालचा भाग काही दिवस, कधी काही आठवडे, अगदी गप्प होतो. मग एका दुपारी चादर बदलताना उजव्या पायाचा अंगठा हलला. थोड्या वेळाने गुडघाही वर आला. आई रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नारळ वाढवून आली. मणक्याचा पेशंट असलेल्या कितीतरी घरांतून असा नारळ कुठल्या ना कुठल्या देवापुढे वाढवलेला असतो. दादाला विचारलं, “तू हलवलास?” तो म्हणाला, “मला कळलंसुद्धा नाही.”

ते चालणं परत येत नव्हतं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तेव्हा तो निरोप मेंदूपर्यंत जाऊन परत आलेला नसतो. स्नायूकडून कण्यात जातो आणि तिथूनच उलट स्नायूकडे येतो. हा कारभार दुखापतीच्या खालच्या भागात शाबूत असतो. तुटलेली असते ती वरून येणारी आवर घालणारी सूचना. कालव्याचा पाटकरी कुठली दारं किती उघडायची ते ठरवतो. त्याची वाटच बंद झाली तर पाणी कालव्यात असतंच, पण ते कुठल्या शेतात किती घुसेल याला धरबंध राहत नाही. दादाच्या पायांचं तसं झालं. चादर घासली, वारा लागला, कुणी घाईत पाय उचलला, एवढ्यावर सगळे स्नायू एकदम आवळायचे. मज्जारज्जूला दुखापत झालेल्या दहांतल्या साधारण सात जणांना हा ताठपणा कमी-अधिक येतो. काहींचं त्याने काही अडत नाही. दादाचं अडलं.

किती अडलं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला ‘पाय उडतात’ एवढ्याने समजणार नाही. मांड्या एकमेकींवर चढायच्या आणि गुडघे हाडाला हाड लागून आदळायचे. लघवीची नळी घालायची वेळ झाली तरी वहिनीला पाय उघडता यायचे नाहीत. पोटाचे स्नायू आवळले की बोलता बोलता त्याचा श्वास अडायचा. खुर्चीत बसलेला असताना कंबर अचानक ताठ होऊन तो पुढे घसरायचा, म्हणून पट्टा आला. खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवर टाच टेकायची नाही आणि पाऊल तालात थडथडायचं, ते पुढच्या खोलीत ऐकू यायचं. रात्री तीनला दोन्ही पाय सरळ ताठ व्हायचे, सोलापुरी चादर जमिनीवर पडायची, आणि आई अंधारातच उठून बसायची: “लई उडलालेत की रे पाय आज.” दादाला खाली दुखत नव्हतं, पण झोप नव्हती. आणि ज्याला झोप नाही त्याला सकाळी कसले व्यायाम करायला लावणार?

तेव्हा ही गोळी आली. पहिल्यांदा अर्धी, दिवसातून तीनदा. दर तीन दिवसांनी थोडी वाढवायची, आणि दिवसाला ऐंशी मिलिग्रॅमच्या वर सहसा जायचं नाही, असं ठरलेलं असतं. रिकाम्या पोटी दिली तर मळमळ, म्हणून दुधाबरोबर नाहीतर जेवणाबरोबर. सुरुवातीला तिने दादाला नुसतं पेंगुळलेलं केलं. ताटापुढे बसून डोळे मिटायचे, कडक भाकरी मोडलेली तशीच हातात राहायची. वहिनी घाबरली. डॉक्टर म्हणाले, शरीराला सवय होऊ दे. पुढे झोप आटोक्यात आली आणि एक दिवस वहिनीला दादाचे गुडघे हाताने उघडता आले. सकाळची नळी, आंघोळ, पँट, हे सगळं चढवायला दोन माणसं लागत होती, तिथे एक पुरेसं झालं.

तिचा जन्म फार लांबचा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी. १९६२ साली सिबा कंपनीत हाइनरिश केबेर्ले या रसायनतज्ज्ञाने तिला बनवलं, आणि बनवलं होतं मिरगीसाठी. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक द्रव्य असतं, ते मज्जातंतूंना शांत करतं. ते तोंडाने दिलं तर रक्तातून मेंदूत नीट शिरत नाही. म्हणून त्याच रेणूला क्लोरीन असलेलं एक कडं जोडलं आणि तो शिरेल असा केला. मिरगीवर तिची मात्रा फारशी चालली नाही. पण ताठ झालेले स्नायू तिने सैल होतात हे दिसलं, आणि सत्तरच्या दशकात ती त्या कामावर रुजू झाली. मला तिच्या चरित्रातली सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. ती शरीरात नेमकी कुठे जाऊन बसते, हे तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्या जागेला ‘गाबा-बी’ हे नाव १९८१ साली मिळालं. म्हणजे कितीतरी माणसं तिच्या आधाराने रात्री झोपू लागली होती, आणि तिचा पत्ता शास्त्रज्ञ अजून शोधत होते. आता कळतं ते असं, की स्नायूकडून कण्यात आलेला निरोप पुढे सांगणाऱ्या तंतूंच्या टोकाशी ती बसते आणि निरोपाचा जोर कमी करते. तुटलेलं ती जोडत नाही. वरून येणारी जी सूचना बंद झाली, तिचं थोडंसं काम अंगावर घेते. न थांबणाऱ्या उचकीवरही डॉक्टर कधीकधी हीच देतात. त्यामुळे मेडिकलच्या काउंटरवर तिची चिठ्ठी घेऊन शेजारी उभा असलेला माणूस चालता-फिरता असला तर नवल वाटून घेऊ नये.

स्वभावाने ती अल्पजीवी. पोटात गेल्यावर तासाभरात कामाला लागते आणि तीन-चार तासांत तिचा अर्धा अंश संपतो. म्हणून एकदाच सकाळी मोठा डोस देऊन भागत नाही, दिवसभर वाटून द्यावी लागते. आणि शरीरातून जाते ती मुख्यतः मूत्रपिंडांतून, बहुतांशी जशीच्या तशी. दादासारख्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट फार जपावी लागते. त्याचं मूत्राशय आपणहून नीट रिकामं होत नाही. दर चार-सहा तासांनी नळी घालून ते रिकामं करावं लागतं. तिथे हयगय झाली तर लघवी तुंबते, जंतू होतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मूत्रपिंडांवर येतं. मूत्रपिंडं थकली की हीच गोळी अंगात साठते. मग नेहमीचाच डोस माणसाला गुंगवतो, कधी बेशुद्धही करतो. म्हणून दादाची रक्तातली क्रिएटिनिनची तपासणी चुकत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्याकडच्या कुणाला सांगायला नको. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी सगळ्यात आधी भरते ती दादाच्या खोलीतली झाकणाची कळशी, नळी घालण्यापूर्वीच्या हात धुण्याची आणि त्याच्या पिण्याची. मग टाकी, मग बाकीचं घर.

तिच्याकडून एक गोष्ट होत नाही, आणि तिच्यावर पूर्ण भिस्त टाकणाऱ्या घरांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं: पाय का उडतायत हे तिला कळत नाही. ती फक्त आवाज खाली आणते. ज्या माणसाला छातीखाली दुखणं जाणवत नाही, त्याचे पाय हेच त्याचं दुखणं सांगत असतात. मूत्राशयात जंतू झाले तर दादाला जळजळ होत नाही. तापही नंतर येतो. आधी झटके वाढतात. पोट साफ नसेल, टाचेवर लाल चट्टा पडू लागला असेल, अंगठ्याचं नख मांसात शिरलं असेल, बूट आवळत असेल, पँटची शिवण खाली दुमडली असेल, तर सगळ्यांची खबर एकच: पाय उडतात. एकदा दुपारभर ते उडत होते. वहिनीने नळी पाहिली, पोट पाहिलं, टाचा पाहिल्या. शेवटी त्याला कुशीवर वळवलं तर मांडीखाली पुतण्याची गोटी सापडली, आणि कातडीवर तिचा गोल खळगा उमटलेला. त्या दुपारी अजून अर्धी गोळी दिली असती तर पाय थोडे शांत झाले असते. गोटी मात्र तिथेच राहिली असती, आणि त्या खळग्याची पुढे जखम झाली असती. अशा जखमा भरायला महिने लागतात. म्हणून झटके अचानक वाढले की वरून खालपर्यंत सगळं अंग तपासायचं, डोस वाढवण्याचं मग बघायचं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली थंडी त्याला सोसत नाही आणि मेमधला उन्हाळाही नाही, हेही पायांनीच शिकवलं. दुखापत डी-सिक्सला किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक सावधगिरी. तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम फुटतो. तेव्हा माणसाला लगेच बसतं करायचं, कपडे सैल करायचे, नळीकडे धावायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. तो प्रसंग या गोळीच्या हातातला नव्हे.

आणि तिला तडकाफडकी घरातून काढता येत नाही. ओळखीच्या एका घरी असाच एक पेशंट. कुणा पाहुण्याने सांगितलं, या गोळ्यांनी शरीर पोखरतं, बंद करा. त्यांनी एका दिवसात सगळ्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी अंगाला खाज, मग ताप, मग पाय लाकडासारखे ताठ, मग भिंतीवर माणसं दिसायला लागली. वेळेत हॉस्पिटलात नेलं म्हणून निभावलं. झटक्यात बंद केली की फिट्सही येऊ शकतात. कमी करायची असेल तर थोडी थोडी, डॉक्टरांना विचारून, आठवड्या-आठवड्याने. आमच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी वहिनी पाकीट संपण्याची तारीख लिहिते, आणि तिच्या चार दिवस आधी लाल गोल करते. सणाच्या सुट्ट्या आल्या की तो गोल आणखी अलीकडे सरकतो. प्रवासात एक पाकीट पिशवीत, दुसरं दादाच्या स्वतःच्या खिशात. पिशवी हरवू शकते.

ती नव्हती तेव्हा लोक काय करत होते, हा विचार मला छळतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले. त्यांच्या कण्यात एक गोळी राहूनच गेली. त्या वर्षी बाझेलची ही पांढरी गोळी बाजारात आलेली नव्हती. उपचार म्हणून त्यांना पोहायला सांगितलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. कोमट पाण्यात ताठ स्नायू सैल पडतात, हे फिजिओथेरपिस्ट आजही सांगतात. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. आणि कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन तारुण्यात कमरेखालचं बळ गेलं, आणि त्यांना उभारी दिली ती स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाणांनी. ‘चाकाची खुर्ची’ हे नसीमा यांचं आत्मचरित्र वहिनीच्या उशाशी असतं. काही गोष्टी आजही अशा अनुभवी माणसाकडूनच मिळतात. हॉस्पिटलातून सुटी होताना हातात कागद मिळतो, त्यावर गोळीचं नाव, वेळ, डोस असतो. पाय एकदम ओढायचा नाही, टाच आणि गुडघ्याची मागची बाजू दोन्ही तळव्यांवर घेऊन सावकाश वाकवायचा, अडला तिथे थांबायचं, जोर लावायचा नाही, तो आपणहून सैल पडण्याची वाट पाहायची, हे त्या कागदावर नसतं. थडथडणारं पाऊल थांबवायला गुडघ्यावर हात ठेवून वजन सरळ टाचेत उतरवायचं, हेही नसतं. ते आधीच्या पेशंटने नव्या पेशंटला सांगायचं असतं. आमच्या वहिनीने ते आतापर्यंत कितीतरी जणींना फोनवरून सांगितलं आहे, भात चढवता चढवता.

गोळीची ताकद संपते तिथे आणखी उपाय आहेत. रात्रीसाठी टिझॅनिडिन जोडीला देतात. एखादाच स्नायू हट्टाला पेटला असेल तर त्यात बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात, ते काही महिने टिकतं. आणि हिचंच एक रूप असं आहे की तोंडाने घ्यायचंच नाही. पोटाच्या कातडीखाली तळहातात मावेल एवढा पंप बसवतात, त्याची बारीक नळी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते आणि औषध थेंबाथेंबाने तिथेच उतरतं. औषध असं थेट मज्जारज्जूभोवती देण्याचा वृत्तान्त अमेरिकेत रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रॉइन यांनी १९८४ मध्ये मांडला.  पंपात मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅम पुरतात, त्यामुळे मेंदूवर गुंगी फारशी येत नाही. पण तो महाग, लाखांत जाणारा. काही महिन्यांनी सुईने भरून घ्यावा लागतो, काही वर्षांनी बॅटरीसाठी बदलावा लागतो, आणि भरण्याची तारीख चुकली तर गोळी एकदम बंद केल्याचे तेच धोके, अधिक जोराने. दादाच्या डॉक्टरांनी त्याची माहिती दिली. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पुण्या-मुंबईला दर वेळी मला कोण घेऊन जाणार?” हा प्रश्न खरा आहे. आमच्यासारख्या शहरांत त्याचं उत्तर मिळेपर्यंत पंप हे पुष्कळांसाठी ऐकायचंच औषध राहणार, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

गोळीशी दादाचं नातं आता बदललं आहे. आधी त्याला पाय पूर्ण गप्प हवे होते. फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवून शून्य ते चारमध्ये ताठपणाचा आकडा सांगायचे, तो शून्य व्हावा म्हणून त्याने डोस वाढवून घेतला. पाय सैल झाले आणि पंचाईत झाली. सकाळी मी आणि वहिनी त्याला कॉटवरून खुर्चीत घेतो, तेव्हा त्याचे गुडघे ताठ होतात आणि क्षणभर तो स्वतःच्या पायांवर तोलला जातो. ते ताठ होणंच गेलं. सगळं वजन वहिनीच्या कमरेवर आलं. मांड्याही वाळू लागल्या, कारण झटक्यांनी का होईना स्नायूंना काम मिळत होतं. शिवाय गोटी सांगायलाही मग कोण राहणार? दादा डॉक्टरांना म्हणाला, “मला पाय थोडे जिवंत असू द्या. सकाळी मला त्यांची गरज आहे.” डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मान्य केलं. सकाळची दहाची अर्धी झाली आणि तीही खुर्चीत बसल्यावर. रात्रीची पूर्ण, झोपेसाठी. मधल्या वेळी भिंतीला टेकवलेली उभं राहायची चौकट आहे, होटगी रोडच्या एका वेल्डरकडून मापाने करून घेतलेली. गुडघ्यांना आणि छातीला पट्टे लावून दादा अर्धा तास तिच्यात उभा राहतो. खिडकीतून समोरच्या नव्या इमारतीचं काम बघत सुपरवायझरच्या आवाजात गवंड्यांना सूचना करतो. उतरल्यावर तीन-चार तास पाय सुतासारखे सरळ असतात, गोळीवाचून.

आता दुपारची अर्धी काढून बघायची आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, आधी आठवडाभर कागदावर लिहा: झटका कधी आला, किती वेळ टिकला, त्याआधी लघवी किती वाजता काढली होती, चौकटीत उभं राहणं झालं होतं का. पुतण्याने पट्टीने रेघा मारून तक्ता केला आहे आणि सोमवारपासून तो भरायला घेतला आहे.